मोटारीचे ऑइल घरी बदलताय? मग एवढे सांभाळा

तालुक्याच्या गावांतही आता अंगणात मोटार उभी असलेली घरे पुष्कळ झाली आहेत. जुनी गाडी घेतलेली असते, गॅरेजचा खर्च वाचवावासा वाटतो आणि आपल्या हाताने काम करण्याची हौसही असते. त्यामुळे रविवारी सकाळी गाडी जॅकवर चढवून इंजिनचे ऑइल स्वतःच बदलणारे अनेक जण दिसतात. यात गैर काही नाही. काम तसे अवघडही नाही. खालचा नट काढायचा, जुने ऑइल सोडायचे, फिल्टर बदलायचा, नट घट्ट करायचा आणि वरून नवे ऑइल ओतायचे.

आरोग्याच्या सदरात मोटारीचे काय काम, असे वाचकांना वाटेल. परंतु या तासाभराच्या कामात होणाऱ्या इजा शेवटी डॉक्टरांकडेच येतात. त्यांची कारणे पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक इजा यंत्राची माहिती नसल्यामुळे होत नाहीत. हाताशी जे सापडेल त्यावर भागवून नेण्याच्या सवयीमुळे होतात. टेकूऐवजी वीट, डब्याऐवजी थंड पेयाची बाटली, साबणाऐवजी पेट्रोल आणि पाण्याऐवजी टूथपेस्ट. इंजिनचे काही बिघडले तर पैसे खर्चून ते दुरुस्त होते. शरीराचे तसे नाही. म्हणून या एकेका चुकीचा विचार करू.

जॅक म्हणजे टेकू नव्हे

सर्वांत गंभीर चूक हीच. गाडीबरोबर मिळणारा जॅक पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, अशी सूचना गाडीच्या माहितीपुस्तकात असते. पण ते पुस्तक कोणी उघडत नाही. अंगणातली जमीन मऊ किंवा उतरती असली, की जॅक तिरका होऊन निसटतो. तेलाच्या दाबावर चालणारा जॅक असेल, तर त्याचे आतले सील झिजून तो हळूहळू किंवा एकदम खाली बसतो. नट घट्ट बसलेला असतो, आपण पान्याला हिसका देतो, आणि नेमका तोच हिसका गाडीला बसतो. लहानात लहान मोटारीचे वजनही सहाशे-सातशे किलोच्या घरात असते.

छातीवर असा भार आला, की बरगड्या वर उचलल्या जात नाहीत. नाक आणि तोंड मोकळे असूनही श्वास घेता येत नाही आणि काही मिनिटांत माणूस दगावतो. ओरडण्यासाठीही छातीत हवा घ्यावी लागते. तीच घेता येत नसल्यामुळे घरातल्या माणसांना हाकसुद्धा ऐकू जात नाही. म्हणून हे काम एकट्याने कधीही करू नये.

विटा, दगड किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे हेही टेकू नव्हेत. भिंतीत त्यांवर भार सारखा पसरतो. गाडीखाली तो एका टोकावर येतो आणि ते एकदम फुटतात. बाजारात वजनाची क्षमता लिहिलेले लोखंडी जॅक स्टँड मिळतात. ते जोडीने घ्यावेत आणि सपाट, कठीण जमिनीवरच लावावेत. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना मागून-पुढून दगडाची उटी लावावी. मग गाडी हाताने हलवून पाहावी, आणि त्यानंतरच खाली शिरावे. हे जमणार नसेल, तर गाडी धुण्याच्या जागी रॅम्प असतो, त्याचा उपयोग करावा.

दुर्दैवाने कोणी सापडलेच, तर दहा जणांनी हाताने गाडी उचलण्याच्या भरवशावर राहू नये. ती निम्म्यात सुटली, तर दुसऱ्यांदा अंगावर येते. दुसरा जॅक लावून गाडी उचलावी, उचलता उचलता खाली भक्कम टेकू सरकवत जावे आणि त्याच वेळी एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा. सुटका झालेला माणूस बोलत-चालत असला, तरी त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेली काही माणसे प्रथम ठीक वाटली आणि काही दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडून दगावली. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध केले. बराच वेळ चेंगरलेल्या स्नायूंतून बाहेर पडणारी द्रव्ये मूत्रपिंडांना आणि हृदयाला घातक ठरतात, हे त्यातून कळले. लघवी चहासारखी लालसर-काळपट होणे ही याची खूण आहे.

गरम ऑइल आणि टूथपेस्ट

ऑइल गरम असले, की पातळ होऊन झटकन निघते. म्हणून लांबून आलेली गाडी लगेच कामाला घेतली जाते. त्या वेळी ऑइल उकळत्या पाण्याइतके, कधी त्याहूनही अधिक तापलेले असू शकते. साठ अंश तापमानाच्या पाण्यानेही त्वचा पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. शिवाय तेल पाण्यासारखे ओघळून जात नाही, चिकटून राहते. शेवटचा आटा सुटताच धार मनगटावरून थेट कोपरापर्यंत येते. शेजारचा सायलेन्सरचा पाइपही तितकाच तापलेला असतो. गाडी थंड असेल, तर इंजिन काही मिनिटे चालवून कोमट करावे. लांबून आली असेल, तर अर्धा-पाऊण तास थांबावे. बोनेट, नट आणि ऑइलचा तळ हाताला सोसवेल इतके निवल्यावरच पाना लावावा.

भाजल्यावर आपल्याकडे टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस असे नाना उपचार चालतात. यातल्या एकानेही दाह आत जाण्याचे थांबत नाही. उलट जखम झाकली जाते आणि जंतू शिरतात. खरा प्रथमोपचार नळाखाली आहे. भाजलेला भाग ताबडतोब साध्या थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. घड्याळ लावून वीस मिनिटे, कारण ती वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. बर्फ लावू नये, त्याने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो. सूज येण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, कडे काढावे. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापड सैल झाकून डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते सांगावे. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, तर जखम लहान दिसली तरी घरी थांबू नये.

उताणे पडून वर पाहताना ऑइल, माती आणि गंजाचे कण डोळ्यांत पडतात. कडेने झाकलेला साधा चष्मा थोड्या पैशांत मिळतो. तो न घालता काही पडलेच, तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा. त्यानंतरही खुपत असेल, तर घरातल्या कोणाकडून कण काढून घेण्याऐवजी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

काळे ऑइल आणि आपली त्वचा

नव्या ऑइलपेक्षा जळके ऑइल निराळे असते. इंजिनात इंधन जळताना तयार होणारी काही कर्करोगजनक रसायने त्यात साठत जातात. झिजलेल्या धातूंचे कणही येतात. भारतात २००० साली सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल येईपर्यंत त्यात शिसेही उतरत असे. उंदरांच्या त्वचेवर असे वापरलेले ऑइल वारंवार लावल्यावर त्यांना त्वचेचा कर्करोग झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

तेल, काजळी आणि कर्करोग यांचा संबंध वैद्यकाला जुना परिचित आहे. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याला काजळी कारण आहे, असे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्ये लिहिले. पुढे इंग्लंडमधल्या कापूस गिरण्यांत चात्यांचे खनिज तेल कामगारांच्या कपड्यांवर उडून तसाच कर्करोग होत असल्याचे १९२२ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी दाखवून दिले. तेलाने भिजलेले कपडे अंगाशी रोज घासत राहणे, हे त्यांचे मूळ होते.

म्हणजे वर्षातून दोनदा ऑइल बदलणाऱ्याला कर्करोग होणार, असे नव्हे. एखाद्या वेळी हात बरबटल्याने घाबरण्याचे कारण नाही. पण गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे उघड्या हाताने काम करणाऱ्या मुलांनी याचा विचार केलाच पाहिजे. आणि घरी करणाऱ्यानेही ऑइलचे फडके पँटच्या खिशात खोचण्याची सवय सोडावी. हातांत रबराचे मोजे घालावेत. ऑइल लागलेले कपडे लगेच बदलावेत आणि लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

हात पेट्रोलने किंवा रॉकेलने धुणे हा तर चुकीवर चढवलेला कळस होय. त्याने काळेपणा जातो, पण त्वचेचे नैसर्गिक तेलही जाते. ती कोरडी होऊन भेगाळते, खाज सुटते आणि त्या भेगांतून रसायने आत शिरणे सोपे होते. शिवाय आगीचा धोका वेगळाच. त्याऐवजी हातांना थोडे खोबरेल किंवा खाण्याचे तेल चोळावे, फडक्याने पुसावे, आणि मग साबणाने धुवावे. तेलात तेल विरघळते, एवढे साधे हे शास्त्र आहे.

जळक्या ऑइलचे काही घरगुती उपयोगही प्रचलित आहेत. खरूज झालेल्या कुत्र्याला ते फासतात. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जाते. धुळवडीला एकमेकांच्या तोंडाला फासतात. डोळे आणि त्वचा या दोहोंना ते घातक आहे. हे दोन्ही प्रकार बंद झाले पाहिजेत.

बाटली लहान मुलाच्या हाती

ऑइल काढून झाले, की ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवले जाते. शेजारच्या बाटलीत सुटे भाग धुण्यासाठी आणलेले रॉकेल किंवा पेट्रोल असते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला बाटलीचा आकार कळतो, आतला पदार्थ कळत नाही. ते तोंडाला लावते.

रॉकेल आणि पेट्रोल पातळ असल्याने गिळताना त्यांचा थोडासा अंश श्वासनलिकेत उतरतो आणि फुप्फुसांचा दाह होतो. ऑइल दाट असल्याने हा धोका कमी, पण तो नाही असे नाही. अशा वेळी घरची मंडळी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून मुलाला ओकवतात. हे कदापि करू नये. ओकारीबरोबर तेच द्रव्य पुन्हा घशात येते आणि आणखी फुप्फुसांत जाते. जबरदस्तीने दूधही पाजू नये. तोंड पुसावे, ओले कपडे काढावेत, बाटली बरोबर घ्यावी आणि सरळ रुग्णालय गाठावे. खोकला, ठसका, जलद श्वास किंवा गुंगी ही धोक्याची लक्षणे आहेत. मूल आता हसत-खेळत असले, तरी डॉक्टर काही तास देखरेखीखाली ठेवायला सांगतील, ते ऐकावे.

यावर उपाय एकच. ऑइल ज्या डब्यातून आले, त्याच डब्यात जुने भरावे, झाकण लावावे, वर ठळक लिहावे आणि डबा कुलुपात ठेवावा. खाण्यापिण्याच्या भांड्यात ते एक दिवसही ठेवू नये.

बंद शेड, सांडलेले ऑइल

काम संपल्यावर गळती तपासण्यासाठी इंजिन चालू करतात, आणि पाऊस असला तर शेडचे शटर खाली ओढलेले असते. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात. माणसाला वाटते, उपाशीपोटी काम केल्याने चक्कर आली. तो जरा बसतो आणि मग उठत नाही. इंजिन उघड्यावरच चालू करावे.

जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, तर तिथून ऑइल उसळून तापलेल्या पाइपवर पडते, धूर होतो, आग लागू शकते. म्हणून जुने रबर निघाले का, ते बोट फिरवून पाहावे. फरशीवर सांडलेले ऑइल नुसते पुसून सोडू नये. भुसा, राख किंवा कोरडी माती टाकून टिपून घ्यावे आणि मग साबणाच्या पाण्याने घासावे. घरातल्या आजी-आजोबांचा पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर ऑइल बदलण्यात वाचलेल्या पैशांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

उरलेले ऑइल कुठे टाकावे?

लहान गाडीतून तीन लिटरच्या आसपास ऑइल निघते. ते गटारात, ओढ्यात किंवा परसात ओतू नये. विहिरीला आणि बोअरला पाणी त्याच जमिनीतून येते. चुलीत किंवा बंबात ते जाळले, तर त्यातील धातू आणि विषारी द्रव्ये धुराबरोबर घरच्यांच्या छातीत जातात. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. ज्या गॅरेजमधून जुने ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी जाते, तिथे डबा नेऊन द्यावा. दुकानातून नवे ऑइल घेतानाच हे विचारून ठेवावे.

थोडक्यात, कामाला बसण्यापूर्वी पाच वस्तू जवळ आहेत का, ते पाहावे. जॅक स्टँडची जोडी, डोळ्यांचा चष्मा, रबरी मोजे, झाकणाचा डबा आणि हाकेच्या अंतरावर एक जाणते माणूस. यातली एक जरी नसेल, तर ऑइल पुढच्या रविवारी बदलावे. गाडी आठ दिवस थांबते.