वांग म्हणजे मळ नव्हे



चेहऱ्यावरचे काळे डाग हा विषय किरकोळ वाटेल. वांगाने काही कुणाचा जीव जात नाही, हे खरे. पण वांग घालवायच्या घाईने चेहरा कायमचा बिघडतो आणि मूत्रपिंडांवर बेतते, हेही तितकेच खरे. आणि ते आपल्याच महाराष्ट्रात घडलेले आहे. म्हणून या अंकातला आरोग्याचा पाठ वांगावर.

निमित्त झाले एका पत्राचे. आपल्या कार्यक्षेत्रातली एक लेक पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यातल्या चांदीपला दिलेली आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग उठला. शेजारणीने सांगितले म्हणून तिने औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, घरचे खूश झाले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मात्र चेहरा लाल पडू लागला, उन्हात गेले की आग होते, बारीक पुटकुळ्या येतात, आणि ट्यूब बंद केली की वांग पहिल्याच्या दुप्पट. "आता काय करू?" असे ती विचारते. तिचे नाव छापत नाही, पण उत्तर सगळ्यांसाठी देतो. कारण अशी ट्यूब आपल्याकडच्या कैक घरांतल्या फळीवर सापडेल.

वांग म्हणजे काय?

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या जो रंग करतात त्याला मेलॅनिन म्हणतात. हा रंग म्हणजे कातडीची छत्री. ऊन लागले की पेशी छत्री उघडतात, म्हणून आपण रापतो. सावलीत राहिले की रापलेपण उतरते. वांगात काय होते, तर चेहऱ्याच्या काही भागांतल्या या पेशी हट्टी होतात. थोडे ऊन लागले तरी भरमसाट रंग करतात आणि तो लवकर उतरत नाही.

हा डाग बहुधा दोन्ही बाजूंना सारखा उठतो. गाल, कपाळ, नाकाचा दांडा, वरचा ओठ ही त्याची नेहमीची ठिकाणे. तो खाजत नाही, दुखत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जुन्या वैद्यांनाही तो ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत 'व्यंग' नावाने त्याची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे लहानसहान रोगांत केलेली आहे. आपला 'वांग' त्यातूनच आला.

का उठतो?

कारण एक नसते, तीन-चार एकत्र येतात. पहिले ऊन. दुसरे शरीरातले बदल : गरोदरपण, पाळणा लांबवायच्या गोळ्या. तिसरे घराणे; आईला असेल तर मुलीला होण्याचा संभव जास्त. चौथे धग. चूल, गुऱ्हाळावरची काहील, वीटभट्टी यांची आच रोज तोंडावर घेणाऱ्याचा वांग चिघळू शकतो. गव्हाळ-सावळ्या कातडीच्या माणसांत तो अधिक दिसतो. बायकांत जास्त असला, तरी पुरुषांनाही होतो. ऊसतोडीला उभा दिवस फडात असणाऱ्या गड्यांनी कपाळ आरशात पाहावे.

तेव्हा तोंड नीट धूत नाही म्हणून वांग येतो, "पोटातली उष्णता वर आली" म्हणून येतो, कुणाची नजर लागली म्हणून येतो, हे सगळे सोडून द्यावे. वांग म्हणजे मळ नव्हे. घासून तो जात नाही, उलट घासलेली कातडी आणखी काळवंडते.

प्रत्येक डाग वांग नसतो

हे ओळखणे फार महत्त्वाचे.

मानेमागे, काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर ते वाढत्या वजनाचे आणि इन्शुलिन नीट काम करीत नसल्याचे लक्षण असू शकते. पोराची मान घासून घासून सोलू नका, रक्तातली साखर तपासा. साखर कारखान्याच्या पत्रात आम्हीच हे सांगायला हवे!

कपाळाच्या मधोमध, कुंकू किंवा टिकली लावतात तिथेच डाग असेल, किंवा केसांचा कलप लावायला लागल्यापासून कपाळाच्या कडेने चेहरा काळवंडला असेल, तर ती वस्तू बंद करून पाहावी.

बोटांच्या पेरांवर काळेपणा, सोबत थकवा, हातापायांना मुंग्या, असे असेल तर ब-१२ जीवनसत्त्व कमी असू शकते. सर्व अंग, तळहाताच्या रेषा आणि तोंडातली कातडीही काळी पडत चालली आणि वजन उतरू लागले, तर थांबू नये.

आणि डाग काळा नसून फिकट किंवा लालसर असेल, तिथे टोचलेले कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. ती तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि तो रोग पूर्ण बरा होतो. लाजण्याचे कारण नाही.

झटपट गोरेपणाचे दोन विषारी मार्ग

पहिला मार्ग स्टिरॉइडचा. चांदीपच्या लेकीची ट्यूब बहुधा याच जातीची. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोघांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड अशा तीन औषधांचे मिश्रण डागांसाठी सांगितले. आजही त्वचारोगतज्ज्ञ त्या धर्तीचे औषध देतात. पण सौम्य स्टिरॉइड घालून, मोजके आठवडे, आणि नजरेखाली ठेवून. घोटाळा होतो तो हेच औषध, किंवा क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असली जोरदार स्टिरॉइडे, 'गोरेपणाची क्रीम' म्हणून महिनोन्‌महिने फासली जातात तेव्हा.

नुसता युरिया मारलेला ऊस आठ-पंधरा दिवसांत हिरवागार दिसतो, पण आतून पोसत नाही आणि पहिल्या वादळाला लोळतो. स्टिरॉइडचे तसेच आहे. कातडी उजळ दिसते, पण पातळ होते. रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या आणि नको तिथे लव येते, आणि ट्यूब सोडली की आग आग होते. मग बाई घाबरून परत ट्यूब लावते. हेच ते चक्र. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही काउंटरवर नाव सांगितले की ट्यूब हातात पडते, हा अनुभव आहेच.

हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने लावले तर कातडीत निळसर-काळा डाग बसतो. तो मूळ वांगापेक्षा हट्टी.

दुसरा मार्ग पाऱ्याचा, आणि तो त्याहून भयंकर. पारा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून क्रीम 'गुण' देते. पण तो कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. अकोल्याच्या एका घरात आई आणि दोन मुली अशा तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. एकाच घरात तिघींना कसा, याचा शोध घेता घेता मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या मदतीने गाडी पोचली स्थानिक ब्यूटी पार्लरमधून आणलेल्या क्रीमपर्यंत. क्रीममध्ये पारा होता. जानेवारी २०२३ मध्ये ही हकीकत वर्तमानपत्रांत आली.

केरळातही तेच. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत एकाच प्रकारची खूण सापडली, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. समाधानाची गोष्ट ही की असा विकार वेळीच ओळखून क्रीम बंद केली तर बहुतेक रुग्ण सुधारतात.

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडून इतरांत पारा दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादीच नाही, तिच्यात काय आहे ते कोण सांगणार? अशी क्रीम लावणाऱ्याच्या लघवीला फेस येऊ लागला, पाय किंवा डोळ्यांभोवती सूज दिसली, तर ताबडतोब लघवी तपासावी आणि डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

मग करावे काय?

पहिले औषध सावली. फडात, भातलावणीला, बाजारात भाजी घेऊन बसताना रुंद काठाची टोपी किंवा कपाळ झाकेल असा पदर, रुमाल, आणि जमेल तिथे छत्री. दहा ते चार या वेळेतले ऊन टाळता येईल तेवढे टाळावे.

दुसरे, ऊन अडवणारे मलम. एस.पी.एफ. ३० किंवा त्यावरचे घ्यावे. आयर्न ऑक्साइड घातलेले, कातडीच्या रंगाचे मलम वांगाला अधिक उपयोगी, कारण डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग वाढवतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे घ्यावे, आणि उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. चिमूटभर लावून पैसे वाया घालवू नयेत.

तिसरे, त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला. ॲझेलाइक ॲसिडसारखी सौम्य औषधे असतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्याही काहींना देतात. पण रक्ताची गुठळी होण्याचा धोका असणाऱ्यांना, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्या चालत नाहीत. त्या मनाने घेऊ नयेत. लेसर आणि साल काढण्याचे उपचार पहिल्या फटक्याला करू नयेत. सावळ्या कातडीवर त्यांनी डाग वाढूही शकतो.

गरोदर बाईने ट्रेटिनॉइन किंवा हायड्रोक्विनोन लावू नये. पुष्कळदा बाळंतपणानंतर काही महिन्यांत वांग आपोआप फिका होतो. वांगापायी गर्भनिरोधक गोळ्या परस्पर बंदही करू नयेत. डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय निवडावा.

हळद-साय, मसुराचे पीठ लावायला हरकत नाही, पण त्याने वांग जाईल ही आशा धरू नये. लिंबू चोळून उन्हात जाणे, दंतमंजनाची पेस्ट, खायचा सोडा आणि बिब्बा हे मात्र चेहऱ्याला कदापि नको.

चांदीपच्या लेकीस

ताई, ट्यूब फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा. किती महिने लावली ते सांगा. चेहरा उसळला म्हणून परत मनाने लावू नका. ती कशी सोडायची ते तज्ज्ञच ठरवतील. तोवर साधे मलम, सावली, आणि दुसरे काही नको. दोन-तीन महिने धीर धरावा लागेल. वांग आटोक्यात येतो, फिका होतो. पण ऊन लागले की परत डोके वर काढतो. काळजी एका हंगामापुरती नाही, बारमाही घ्यायची आहे.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. "सून काळवंडली" हे एक वाक्य दहा ट्यूबांपेक्षा जास्त नुकसान करते. बाजारातली विषारी डबी घरात येते ती याच बोलण्यामुळे. चेहऱ्यावर डाग असलेली बाई आजारी नाही, अस्वच्छ नाही, कमी तर मुळीच नाही. तिला उन्हात काम करावे लागते, हे लक्षात ठेवून तिच्या हाती आधी छत्री द्या.