जेट्टी कोणाच्या पैशातून होते?

ताईंनो, होडी धक्क्याला लागली की मासळीच्या टोपल्या आपण उचलतो. पण जेट्टीचा आराखडा ठरतो तेव्हा आपण कुठे असतो?

आधी पैसा समजून घेऊ. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यातून राज्यात मासेमारी बंदर झालं, तर ६० टक्के खर्च केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलतं. म्हणजे पैसा जनतेचाच. मग मागायला लाजायचं कशाला?

मागणी नेमकी करा: लिलावाची शेड, बर्फ, गोडं पाणी, दिवे, बायकांसाठी संडास.

ग्रामसभेआधी महिला सभा होते. तिथे ठराव मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या. प्रत मत्स्यव्यवसाय कार्यालयात देऊन पोच घ्या. काँक्रीट ओतल्यावर बदल होत नाहीत.

बैठकीत बोला: आपल्या धक्क्यावर पहिली गरज कोणती?