परसांत उकरणाऱ्या कुत्र्यास वळण कसें लावावें

शेतकऱ्याच्या दारीं कुत्रा असणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. परंतु अलीकडे शहरांतील हौशी लोकांकडून टेरियर जातीचे ठेंगणे, चपळ कुत्रे खेड्यांतही येऊं लागले आहेत. आणि ज्यांच्या घरीं ते आले त्यांची एक तक्रार बहुधा ठरलेली असते, ती ही कीं, हा कुत्रा सारें परस उकरून टाकतो. पुण्यास राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें घर बदलतांना आपला असा एक कुत्रा आमच्या स्वाधीन केला, त्यास आतां तीन वर्षें झालीं. त्याचें नांव ठिपक्या. पहिल्या महिन्यांतच त्यानें मिरचीचे वाफे दोन वेळां उलथेपालथे केले व अळूचे कंद उपसून काढिले. त्या वेळीं आम्हीं जें चुकलों व मागाहून जें शिकलों, तें दोन्ही येथें सांगत आहों.

प्रथम या जातीची कुळकथा ध्यानांत घ्यावी. लॅटिन भाषेंत टेरा म्हणजे जमीन, व त्यावरूनच टेरियर हें नांव पडलें. कोल्हे, उंदीर व बॅजर नांवाचा बिळांत राहणारा प्राणी यांच्या मागें जमिनींत शिरावें, एवढ्याचसाठीं ब्रिटनमध्यें हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढविले गेले. डेव्हन परगण्यांतील जॉन रसेल (१७९५–१८८३) नांवाच्या शिकारीच्या शोकी पाद्रीनें १८१९ सालीं ट्रंप नांवाची एक पांढरी कुत्री विकत घेतली. आज त्याच्या नांवानें ओळखली जाणारी जात तिच्यापासून चालत आलेली मानतात. सारांश, बैलानें ओढावें तसें या कुत्र्यानें उकरावें. ती खोड समूळ जाईल अशी आशा कोणीं बाळगूं नये. ती कोठें व केव्हां चालावी एवढेंच आपल्या हातीं आहे.

आतां आमची चूक. ठिपक्या दाण्याच्या कोठीमागें भिंतीच्या पायाशीं रोज उकरूं लागला. आम्हीं खड्डा बुजवावा व त्यानें दुसरे दिवशीं तेथेंच पुन्हां उकरावा, असें आठ दिवस चाललें. नवव्या दिवशीं आम्हीं त्यास काठीनें मारिलें व खांबाशीं बांधून ठेविलें. स्थळपाहणी केल्यावांचून पंचनामा लिहूं नये, हें महसूल खात्यांत असतां कित्येक नवशिक्या कारकुनांस आम्हीं बजाविलें होतें; घरीं मात्र तोच नियम विसरलों. अखेर आमचा जुना गडी म्हणाला, “भाऊसाहेब, त्ये उगा उकरत न्हाई. खाली घूस हाय.” पहारीनें कोठींतील फरशी उचलली, तों भिंतीखालून आंत गेलेलें भुयार दिसलें. त्यांत ज्वारी सांठविलेली होती, आणि वरील तीन पोत्यांचे तळ कुरतडलेले निघाले. ज्यानें चोर दाखविला त्यासच आम्हीं मारिलें होतें. पुढें पंधरा दिवस आम्ही जवळ गेलों कीं तो शेपूट घालून बाजेखालीं शिरे.

म्हणून पहिलें काम हें कीं, कुत्रा कोठें, केव्हां व कशा जमिनींत उकरतो हें आठ दिवस लक्षपूर्वक पाहावें. एकाच जागीं, नाक लावून, हुंगत व कान टवकारून उकरीत असेल तर खालीं उंदीर किंवा घूस आहे असें समजावें. भर दुपारीं ओल्या जागीं उकरून त्यांतच पोट टेकून पडत असेल तर कारण उष्मा. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं; तो धापा टाकून व थंड मातीस पोट लावूनच निवतो. त्यास सावली, ताज्या पाण्याचें भांडें व ओलें गोणपाट दिलें म्हणजे हें उकरणें बहुधा थांबतें. कुंपणाखालीं उकरणाऱ्यास बाहेर जावयाचें असतें. विण्याच्या सुमारास कुत्री उकरते ती पिलांसाठीं. तिला आडोशाची जागा करून द्यावी, रागावूं नये. पण यांपैकीं कांहींच नसून वाटेल तेथें उकरीत असेल तर तो रिकामा आहे, दुसरें कांहीं नव्हे. सकाळसंध्याकाळ अर्धा अर्धा तास त्यास शेतावर चालवून आणावें, व भाकरीचे तुकडे गवतांत टाकून हुंगून शोधावयास लावावे. नाकाचें काम केलें कीं हा कुत्रा पायानें चालल्यापेक्षां अधिक थकतो.

एवढें करूनही जी हौस उरते तिच्यासाठीं उकरण्याची स्वतंत्र जागा द्यावी. आम्हीं परसाच्या कोपऱ्यांत, लिंबाच्या सावलींत, चार हात लांब, तीन हात रुंद व एक हात खोल असा खळगा केला, आणि वाळू व भुसभुशीत माती यांनीं भरला. त्यांत प्रथम भाकरीचा वाळलेला तुकडा अर्धा वर दिसेल असा पुरला. मग दिवसेंदिवस खोल पुरीत गेलों. कधीं जाड दोराची गांठ पुरावी. शिजविलेलें हाड मात्र पुरूं नये, कारण त्याच्या धारदार चिपा होऊन त्या आंतड्यास लागतात. वाफ्यांत उकरतांना दिसला कीं ओरडूं नये. नेहमींच्याच शब्दानें हांक मारून खळग्याशीं न्यावा, व तेथें पहिला पंजा मारतांच शाबासकी द्यावी. घरांतील सर्वांनीं एकच शब्द वापरावा. आमच्या नातवंडांनीं चार निरनिराळे शब्द चालविले, त्यांत दहा दिवस फुकट गेले. उकरून झाल्यावर घटकाभरानें मारणें तर केवळ निरर्थक. मार कशाबद्दल हें त्यास कळत नाहीं, तो फक्त धन्यास भिऊं लागतो. खड्ड्यांत तिखट टाकण्याची युक्ति कोणी सांगतात. तिनें कुत्र्याचे डोळे व नाक पोळतें, ती करूं नये.

नव्या वाफ्यांवर बियाणें रुजेपर्यंत तारेची जाळी दोन बोटें मातीखालीं अंथरावी व तिचीं टोकें खालीं वळवावीं. भिंतीच्या कडेस चपटे दगड बसवावे.

दोन धोके शेतकऱ्यानें विसरूं नयेत. एरंडीची पेंड खत म्हणून घातलेली जमीन कुत्रा वासानें उकरतो व ती पेंड खातो. तिच्यांतील विष त्याचा जीव घेऊं शकतें. कुत्रा मोकळा फिरत असेल तेथें ही पेंड वापरूंच नये. दुसरा धोका उंदरांच्या विषाचा. झिंक फॉस्फाईडचें आमिष कुत्र्यानें खाल्लें तर पोटांत विषारी वायु तयार होतो. ब्रोमॅडिओलोननें रक्त गोठण्याचें थांबतें, व विष खाऊन मेलेला उंदीर खाण्यांत आला तरी बाधा होऊं शकते. लक्षणें कांहीं दिवसांनीं दिसतात, म्हणून नुसता संशय आला तरी त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. आम्हीं कोठींतील भुयार विटाचुन्यानें बंद करून पिंजरे लाविले. बिळें हुंगणाऱ्या कुत्र्यास रेबीजच्या लशीबरोबर लेप्टोस्पायरोसिसचीही लस दरवर्षीं टोंचून घ्यावी; उंदरांच्या मुतानें तो रोग पसरतो व माणसांसही होतो.

सहा आठवड्यांत वाफे वांचूं लागले. पावसाळ्यांत खळग्यांत पाणी सांचून चिखल होतो, म्हणून मृगापूर्वीं त्यावर पत्र्याचें छप्पर घालावें लागतें. गेल्या वर्षीं तें घालण्यास आम्हांस उशीर झाला, आणि ठिपक्यानें हळदीचा एक वाफा पुन्हां उकरला.