हवामान-प्रतिमानांची पारख आणि गावचा पर्जन्यमापक

परभणी जिल्ह्यातील एखाद्या शिवारात सहा दिवस रोज १० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या महिन्याच्या नोंदीत ६० मिलिमीटरची भर पडते. त्याच शिवारात एके सायंकाळी तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पुढील पाच दिवस कोरडे गेले, तरी नोंदीतील बेरीज तेवढीच राहते. हेक्टरी सहा लक्ष लिटर पाणी दोन्ही वेळा पडले. परंतु शेताच्या दृष्टीने या दोन अगदी निराळ्या गोष्टी होत. पहिल्या प्रकारात पाणी मुरते आणि कपाशी, सोयाबीन व तूर यांना ते पुरवून पुरवून मिळते. दुसऱ्या प्रकारात ते ओघळींवाटे वाहून जाते, जाताना मातीचा वरचा कसदार थर नेते, सखल जागी पीक पाण्यात उभे राहते आणि पुढे खंड पडला की त्याच पिकाला ताण बसतो.

हा फरक प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, येत्या तीस-चाळीस वर्षांत मराठवाड्यात पाऊस कसा पडेल याविषयी जी अनुमाने प्रसिद्ध होतात, ती ज्या गणिती साधनांवरून काढली जातात, त्यांची जुनी खोड नेमकी याच ठिकाणी आहे. पावसाची बेरीज एक वेळ जुळते; परंतु कोसळणारा पाऊस ही साधने रिमझिम करून अनेक दिवसांवर वाटून टाकतात. शेततळे किती मोठे घ्यावे, बांधाचा सांडवा किती रुंद ठेवावा, किती दिवसांत तयार होणारा वाण निवडावा, हे सारे एका पावसाच्या जोरावर आणि दोन पावसांमधील खंडावर ठरते. वार्षिक सरासरीने त्याचा निर्णय होत नाही. तेव्हा या अनुमानांची पारख कशी होते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रतिमान म्हणजे काय?

हवेचे वाहणे, उन्हाने जमीन व समुद्र तापणे, पाण्याची वाफ होणे, ढग बनणे या सर्वांचे नियम समीकरणांत मांडून ती संगणकाकडून सोडवून घेतात. या मांडणीस हवामानाचे प्रतिमान, किंवा सर्वसाधारण बोलण्यात मॉडेल, असे म्हणतात. वातावरणाबरोबरच समुद्र, जमीन, बर्फ, वनस्पती आणि त्यांच्यातील कर्बाची देवघेव यांचाही हिशेब त्यात धरला, म्हणजे ते पृथ्वी-प्रणालीचे प्रतिमान होते. असे भारतीय प्रतिमान पुणे येथील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. ही संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. तिच्या प्रतिमानाची पहिली आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सुधारलेली आवृत्ती जगातील प्रतिमानांच्या सहाव्या तुलनात्मक चाचणीत उतरली. या चाचणीत उतरलेले ते पहिले भारतीय प्रतिमान होय.

गणितासाठी पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागावा लागतो. उपरोक्त प्रतिमानात वातावरणाची एक चौकट सुमारे २०० किलोमीटर लांब व तितकीच रुंद आहे. म्हणजे मराठवाड्याचे आठही जिल्हे दीड-पावणेदोन चौकटींत मावतात. कोकणची किनारपट्टी, सह्याद्रीची धार आणि तिच्या पूर्वेचा पर्जन्यछायेतील पट्टा यांतील फरक इतक्या मोठ्या चौकटीत पुसट होऊन जातो. वळवाच्या पावसाचा ढग तर चार-दहा किलोमीटरचाच. तो चौकटीत दिसणार तरी कसा? म्हणून ढगांच्या बाबतीत प्रतिमानास ठोकताळ्यांचा आधार घ्यावा लागतो: अमुक इतकी हवा तापली व तमुक इतके बाष्प साचले, की एवढा पाऊस पडला असे समजावे. वर सांगितलेली रिमझिमीची खोड पुष्कळ अंशी या ठोकताळ्यांतून येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी जो कृषी-हवामान सल्ला निघतो, तो पुढील काही दिवसांच्या अंदाजावर आधारलेला असतो. त्या कामाची प्रतिमाने बारीक चौकटींची असतात; पुण्याच्याच संस्थेने विकसित केलेली व मे २०२५ मध्ये देशाच्या सेवेत आलेली भारत अंदाज प्रणाली ६ किलोमीटर चौकटीची आहे. दीर्घकालीन प्रतिमानाचे काम निराळे आहे. अमुक तारखेस जिंतूरला पाऊस पडला होता की नाही, हे त्याला ठाऊक नसते व ते विचारूही नये. पावसाचे दिवस किती, त्यांतील जोराचे किती, खंड किती दिवसांचे, पाऊस दिवसाच्या कोणत्या प्रहरी पडतो, हा एकंदर स्वभाव त्याला साधला पाहिजे.

वाणाच्या चाचणीचा दाखला

पिकाच्या वाणाची पारख कशी होते हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. परभणीच्या विद्यापीठाचा एमएयूएस-७१ हा सोयाबीनचा वाण असो की दुसरा कोणताही असो, एका शेतातील एका झाडावरून त्याची लायकी कोणी ठरवीत नाही. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हंगामांत, तुलनेच्या वाणाशेजारी तो लावतात आणि मगच शिफारस करतात. प्रतिमानांचीही अशीच सामायिक चाचणी होते. सर्वांना एकच मागील काळ देतात. सहाव्या चाचणीत तो १८५० ते २०१४ असा होता. प्रत्येकाने त्या काळाचे हवामान स्वतःच्या गणिताने उभे करावयाचे आणि मग ते प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहावयाचे.

या प्रत्यक्ष नोंदी कोठून आणाव्यात? जमिनीवरील पर्जन्यमापक दिवसातून एकदा वाचला जातो. तो पाऊस किती पडला ते सांगतो, केव्हा पडला ते सांगत नाही. शिवाय आपल्या पावसाचे मूळ ज्या हिंदी महासागरात आहे, तेथे पर्जन्यमापक ठेवणार तरी कोण? ही उणीव कृत्रिम उपग्रहांनी भरून काढली. भारताचे इन्सॅट-३डी (२०१३), इन्सॅट-३डीआर (२०१६) व इन्सॅट-३डीएस (२०२४) हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर अशा रीतीने ठेवण्यात आले की, ते एकाच भूभागावर स्थिर असल्यासारखे भासतात व दर अर्ध्या तासाला ढगांचे चित्र देतात. ढगाच्या माथ्याचे तापमान पाहून पावसाचा अंदाज बांधणे ही त्यांची एक रीत. माथा जितका थंड, तितका ढग उंच. आणि उंच ढग म्हणजे बहुधा जोराचा पाऊस. तथापि हे चुलीचा धूर पाहून किती भाकरी भाजल्या ते सांगण्यासारखे आहे. उंचावरील विरळ ढगाचाही माथा थंड असतो आणि त्यातून थेंबही पडत नाही.

याहून खोल पाहणारी साधने सूक्ष्मलहरींवर चालतात. त्या लहरींना ढगाच्या आतील थेंबांचा व हिमकणांचा माग लागतो. १९९७ मध्ये सोडलेल्या व २०१५ पर्यंत चाललेल्या अमेरिका-जपानच्या उपग्रहावर प्रथमच पाऊस मोजणारे रडार होते. २०१४ मध्ये त्याचा वारस आला. भारत व फ्रान्स यांनी मिळून २०११ मध्ये सोडलेला मेघा-ट्रॉपिक्स याच कामाचा. अशा अनेक उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून सुमारे ११ किलोमीटरच्या चौकटीत दर अर्ध्या तासाचा पाऊस आता मांडता येतो. या हिशेबाने परभणी जिल्ह्यावर पन्नासच्या वर चौकटी पडतात.

पारख केल्यावर काय दिसले?

पहिली गोष्ट वेळेची. मराठवाड्यात गडगडाटी पाऊस बहुधा दुपार कलल्यावर किंवा सायंकाळी येतो, हे शेतात राबणाऱ्यास सांगावयास नको. अर्ध्या तासाच्या उपग्रह-नोंदींतही तेच दिसते. पुष्कळ प्रतिमाने मात्र हाच पाऊस भर दुपारी बारा-एकच्या सुमारास पाडून मोकळी होतात. ऊन तापले की त्यांचा ठोकताळा लगेच पावसाला वाट करून देतो. त्यामुळे ढग मोठा होण्यास लागणारी उसंत त्याला मिळतच नाही. वेळेची चूक आणि रिमझिमीची चूक या अशा एकाच घरच्या आहेत.

दुसरी गोष्ट जागेची. अनेक प्रतिमाने मध्य भारताच्या भूमीवर पाऊस कमी दाखवितात आणि विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर तो वाजवीपेक्षा अधिक पाडतात. उपग्रहावाचून ही चूक पुरती उमगली नसती, कारण तिचा अर्धा भाग समुद्रावर आहे.

तिसरी गोष्ट अधिक फसवी आहे. पृथ्वीवर येणारे ऊन आणि अवकाशात परत जाणारी उष्णता यांचा जमाखर्च २००० सालापासून उपग्रहांवरील विशेष उपकरणांनी ठेवला जात आहे. पुण्याच्या प्रतिमानाच्या पहिल्या आवृत्तीत हा जमाखर्च नीट जुळत नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत तो बराचसा जुळविण्यात आला. परंतु नुसती बेरीज जुळली म्हणून प्रतिमान खरे ठरत नाही. कित्येक प्रतिमानांत ढग असावेत त्याहून कमी, पण असतील ते अधिक चकाकणारे, असे आढळले. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि परत जाणाऱ्या प्रकाशाची रक्कम बरोबर येते. जड वजन टाकून हलका माल घेणाऱ्याचा तराजूही असाच समतोल दिसतो. अशा प्रतिमानाकडून आजच्या हवामानाचे चित्र ठीक येईल, पण हवा तापत गेल्यावर ते कोठे घसरेल याचा नेम नाही. म्हणूनच ढग किती, त्यांची उंची किती, त्यांत पाणी किती, हे निरनिराळ्या उपग्रहांवरून अलग अलग तपासतात.

ओलीच्या बाबतीतही सावधगिरी हवी. २०१५ पासून एक उपग्रह जमिनीतील ओल मोजतो, पण ती वरच्या सुमारे ५ सेंटिमीटर थराची. गोदावरी व पूर्णा खोऱ्यांतील भारी काळ्या जमिनीत तुरीचे मूळ त्याहून कितीतरी खाली जाते. शिवाय उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी सरळ खोल उतरते आणि वरचा थर चटकन कोरडा पडतो. वरच्या थरावरून खालच्या वाफशाचा निवाडा करणे अशा जमिनीत धोक्याचे आहे.

इतके असूनही प्रतिमाने टाकून द्यावीत असे नाही. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस होण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याचे केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि पाऊस अधिक जोराचा होतो, ही दिशा प्रतिमानेही दाखवितात. दिशा विश्वसनीय, तालुक्यापुरता आकडा मात्र संशयास्पद, अशी सध्याची स्थिती म्हणता येईल. एकाच प्रतिमानाच्या आकड्यावरून सेलूचे किंवा पालमचे २०५० सालचे पर्जन्यमान कोणी मिलिमीटरमध्ये सांगू लागला, तर ते नियोजनाच्या कागदावर घेऊ नये.

उपग्रहाची पारख कोण करणार?

उपग्रहही चुकतो. १९९० नंतरच्या काही वर्षांत उपग्रहांच्या नोंदींत हवा फारशी तापलेली दिसत नव्हती व प्रतिमाने ती तापलेली दाखवीत होती. पुढे १९९८ मध्ये असे उघडकीस आले की, उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली येत होती व तिचा हिशेब धरला गेला नव्हता. वेळेच्या घसरणीबद्दल केलेल्या दुरुस्तीतील आणखी एक चूक २००५ मध्ये सापडली. दुरुस्तीनंतर उपग्रह प्रतिमानांच्या बराच जवळ आला. घाटमाथ्यावर उथळ ढगांतून पडणारा पाऊस तर उपग्रह आजही कमी मोजतात.

म्हणून उपग्रहाचे अंतिम आकडे तयार करताना जगभरच्या पर्जन्यमापकांच्या मासिक नोंदींशी त्यांचा मेळ घालतात, आणि भारतीय हवामान विभागही उपग्रह व पर्जन्यमापक यांच्या नोंदी एकत्र करतो. पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे आणि उपग्रहाची चौकट शंभरावर चौरस किलोमीटरची. आकाराने ५०० कोटी पटींचे अंतर असले, तरी वादाच्या प्रसंगी साक्ष लहानाचीच काढली जाते. राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली आहेत. तरीही हाताने वाचावयाच्या पर्जन्यमापकाची गरज संपलेली नाही, कारण यंत्र अडल्यास दाद तेथेच मागावी लागते.

नोंदीची वेळ सकाळी साडेआठ ही आहे, आणि ती पाळण्याचे कारण वरील विवेचनावरून ध्यानी येईल. जागतिक प्रमाणवेळेनुसार उपग्रहाचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दोहोंची तुलना करताना उपग्रहाच्या अर्ध्या तासाच्या नोंदी साडेआठ ते साडेआठ अशा जुळवून घेतात. नोंद दहा वाजता करून साडेआठची म्हणून लिहिली, तर सकाळची सर चुकीच्या दिवशी पडते आणि दोष उपग्रहावर येतो. त्याहून वाईट प्रकार सुटीचा. शनिवारी ३५ व रविवारी ३५ मिलिमीटर पाऊस झाला आणि सोमवारी एकदमच ७० लिहिले, तर ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीची मर्यादा कागदावर ओलांडली जाते; प्रत्यक्षात ती ओलांडलेली नसते. एका मंडळाच्या पंचनाम्यापुरता हा घोटाळा लहान नाही, आणि जोराच्या पावसाचे दिवस मोजणाऱ्या शास्त्रज्ञासही तो तितकाच दिशाभूल करणारा आहे. दोन दिवसांचे पाणी एकत्र मोजले गेले असल्यास तसे शेऱ्यात स्पष्ट लिहावे.

कोरड्या दिवशी ०.० लिहावे; रकाना मोकळा ठेवू नये. मोकळा रकाना म्हणजे नोंद झाली नाही आणि शून्य म्हणजे पाऊस झाला नाही. पावसाच्या खंडाची लांबी या शून्यांवरूनच मोजतात. पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच व समपातळीत असावे, आणि जवळचे झाड, भिंत किंवा कडब्याची गंजी तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी. मृग लागण्यापूर्वी नरसाळे काढून त्यात साचलेला निंबाचा पाला व पाखरांची घाण धुऊन टाकावी, बाटली गळत नाही याची खात्री करून घ्यावी आणि मोजपात्र फुटले असल्यास ते पहिल्या पावसाअगोदर मागवावे.