यंत्रानं कधी बोलावं?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत खातेदारांसाठी टचस्क्रीन यंत्र बसवतोय. त्यात आवाज, व्हिडिओ, अ‍ॅनिमेशन घातलं तर वयस्कर मंडळींना सोपं जाईल का?

उत्तर : जाईल, पण सगळ्याचा एकदम मारा करू नका. वडापावच्या गाडीवरचा पेमेंटचा स्पीकर बघा. गाडीवाल्याचे हात बेसनात, डोळे कढईवर. मोकळे काय ते कान. पैसे आल्याचं तिथं आवाजानंच कळायला हवं. तुमच्याकडं उलट. मागे चार जण उभे असताना यंत्रानं शिल्लक मोठ्यानं सांगितली, तर खातेदार पुन्हा तिकडं फिरकायचा नाही! तेव्हा सूचना आवाजात, आकडे पडद्यावर. दृष्टिहीनांसाठी मात्र हेडफोनची सोय हवीच. बोलक्या एटीएमला ती असते.

पडद्यावरचंच वाक्य शब्दशः वाचून दाखवू नका. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे प्रयोग सांगतात, की चित्राला निवेदनाची जोड दिली तर चांगलं समजतं. त्यात तोच मजकूर लिहूनही दाखवला, की लक्ष विभागतं. ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी निवेदन अक्षरांत दाखवणारं वेगळं बटण द्या.

सगळ्यांत स्वस्त आणि हमखास दुर्लक्षित सुधारणा म्हणजे बटणाचा प्रतिसाद. बोट टेकताच, साधारण ०.१ सेकंदात, बटणाचा रंग बदलावा, हलकासा ‘टक्’ आवाज यावा. नाहीतर माणूस पुन्हापुन्हा दाबत राहतो आणि नको त्या पानावर जाऊन पोचतो.

स्वागताचा व्हिडिओ? अध्यक्षांचा हट्टच असेल तर ठेवा, पण ‘पुढे चला’ बटण चांगलं मोठं करा.