यंत्राने ऊसतोडणी : तासाला किती टन?



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एकच प्रश्न असतो, 'साहेब, मशीन कधी पाठवता?' प्रवरानगरच्या कारखान्याचे गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले. तेव्हापासून आपल्या भागातली तोड पाथर्डी-बीडकडच्या कोयत्याच्या जोरावर चालत आली. आता टोळ्या पुरत नाहीत. त्यांची मुले शिकून दुसऱ्या धंद्याला लागली तर त्यात वाईट काय? पण ऊस तर वेळेवर तुटला पाहिजे. म्हणून यंत्राच्या कामाचा हिशोब आम्ही येथे मांडतो.

समजा सरी पाच फुटी आहे आणि यंत्र ताशी चार किलोमीटर चालते. तासाला साधारण ६० गुंठे, म्हणजे दीड एकर उरकते. एकरी ४० टन धरा, ६० टन झाले. मिनिटाला एक टन! कोयत्याची एक जोडी दिवसभर राबून दीड-दोन टन तोडते. पण हा झाला कागदावरचा आकडा. तीन फुटी सरीत तेच यंत्र तासाला ३६ गुंठ्यांवर येते, शिवाय चाक बेटावर चढून खोडव्याचे नुकसान होते ते वेगळेच.

मग वेळ जातो कुठे? निम्मा वळणात जातो म्हणा ना. एक एकराचा तुकडा घ्या. सरी १०० मीटर लांब असेल तर सुमारे २७ ओळी होतात. तोडायला ४० मिनिटे, आणि वळणाला एक मिनिट धरले तरी २७ मिनिटे नुसती वळण्यात. सरी ३०० मीटर असती तर वळणे ९ च. म्हणजे ६७ मिनिटांचे काम ४९ मिनिटांत. बाकीचा वेळ रिकाम्या ट्रॉलीची वाट पाहण्यात जातो. मिनिटाला टन पडतो म्हटल्यावर चार-पाच टनांची ट्रॉली चार-पाच मिनिटांत भरते. दुसरी बाजूला उभी नसेल तर लाखो रुपयांचे यंत्र बांधावर डिझेल जाळीत बसते.

ब्राझीलमध्ये कागदाच्या लगद्यासाठी निलगिरीची मोठमोठी बने आहेत. तिथे झाड धरून कापणारी, फांद्या सोलणारी आणि ओंडके पाडणारी यंत्रे चालतात. बारीक झाड असो वा जाड, ते धरायला-कापायला वेळ थोड्याफार फरकाने सारखाच. म्हणून बारीक बनात तासाला लाकूड कमी निघते. आपल्याकडेही तसेच. एकरी २५ टन असो की ५०, यंत्र तेवढेच अंतर चालणार. तोडणीचा हिशोब टनावर असतो, मग यंत्रवाला पातळ उसाकडे वळून का पाहील?

खातेफोडीने आपले तुकडे लहान झाले आहेत. बांध मोडा असे आम्ही म्हणत नाही, त्या कज्ज्यात आम्हाला पडायचे नाही. पण शेजारच्या तिघा-चौघांनी एकाच पंधरवड्यात, एकाच जातीची, एकाच दिशेने लागण केली, आणि टोकाला यंत्र वळेल एवढी जागा सोडली, तर यंत्र एका दमात पुढे जाते. जात सरळ उभी राहणारी हवी. को ८६०३२ त्या दृष्टीने बरी. पडलेल्या उसात यंत्राची चाल निम्म्यावर येते.

गोदावरी उजव्या कालव्याखालची आपली जमीन काळी. ओलीत यंत्र घातले की ती दबते आणि खोडवा पिवळा पडतो. तेव्हा पाटाचे आवर्तन असले तरी तोडणीआधी १५-२० दिवस पाणी तोडावे. ठिबकाच्या नळ्या वर असतील तर आधी गुंडाळून घ्याव्यात. पाती धारदार आहेत का, हे उभे राहून पाहावे. बोथट पाते बेट उपटते. तोड जमिनीलगत व्हावी, कारण बुडख्यात साखर जास्त. मात्र माती उचलली जाता कामा नये.

यंत्राने उसाचे वीतभर तुकडे होतात. तोंडे जास्त उघडी पडल्याने ते लवकर आंबतात, म्हणून त्याच दिवशी गव्हाणीत पडले पाहिजेत. पालापाचोळ्यापोटी वजनात कपात होते ही तक्रार आम्ही जाणतो. पण तो पाला शेतातच पसरतो. तो पेटवू नये, कुजू द्यावा.

येत्या लागणीची नोंद देताना सरीचे अंतर, सरीची लांबी आणि शेजारच्या सभासदाचा गट नंबर शेतकी मदतनिसाकडे लिहून द्यावा. सलग क्षेत्राच्या याद्या त्यावरूनच करायच्या आहेत.