ओव्हरक्लॉकिंग करून घ्यावे का?

प्रश्न : माझ्याकडे इंटेल कोअर आय५-१२६००के प्रोसेसर आणि बी६६० मदरबोर्ड आहे. व्हिडिओ एडिटिंगसाठी ओव्हरक्लॉकिंग फायद्याचे ठरेल का?

उत्तर : नाही. प्रोसेसर ‘के’ मालिकेतला असला, तरी बी६६० बोर्डवर त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवता येत नाही. त्यासाठी झेड६९०सारखा महागडा बोर्ड लागतो. शिवाय हा प्रोसेसर मुळातच ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. त्यापुढे वेग जेमतेम वाढतो, वीज आणि उष्णता मात्र झपाट्याने. त्याऐवजी आधी बायोसमध्ये रॅमचा जाहीर वेग मिळवून देणारे एक्सएमपी चालू आहे का, ते पाहा. रेंडरिंग करताना तापमानही तपासा. ते १०० अंशांना भिडले, की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. तसे होत असेल, तर चांगला कूलर बसवा. पैसे तिथेच सत्कारणी लागतील.